किल्ल्यांची फळी

१

सकाळी साडेसहाला फौंड्रीचा भोंगा झाला, की पाच मिनिटांत त्या लाइनीतल्या नऊ खोल्यांना नऊ कुलपं लागायची.

कोल्हापुरातून कागलकडं जाताना हमरस्ता सोडून डावीकडं वळलं, की आधी काळ्या वाळूचे ढीग लागतात आणि ढिगांच्या पाठीमागं ही दहा खोल्यांची पत्र्याची लाइन. बायका फौंड्रीत वाळूचे साचे करायला. पुरुष असले तर ट्रकवर, नसले तर कुठंतरी. पोरं आत, कुलूप बाहेर. किल्ली मात्र कुणी बरोबर नेत नसे. दहाव्या खोलीच्या दाराशेजारी एक लाकडी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर नऊ खिळे. बाई पळत यायची, आपल्या खिळ्यावर किल्ली अडकवायची, "आक्काताई, बघ गं" म्हणायची आणि पदर खोचत फौंड्रीकडं सुटायची. उत्तर ऐकायला कुणी थांबत नसे.

प्रीती तिथं पहिल्यांदा गेली ते २००२ च्या मार्चमधल्या एका सोमवारी, अकराच्या उन्हात. वय चोवीस, समाजकार्याची पदवी नवी कोरी, लूना भावाची. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत लागून दोन महिने झाले होते आणि त्या दोन महिन्यांत तिचं तिथल्या प्रत्येक पन्नाशीपुढच्या माणसाशी एकदा तरी वाजलेलं होतं. हा भाग तिच्या आधी हंबीरराव सरांकडं होता. सरांचे गुडघे गेले म्हणून तो तिच्याकडं आला.

महिन्यापूर्वी एका वीटभट्टीवर कुलूपबंद खोपटात स्टोव्ह भडकून दोन लेकरं गेली होती. तेव्हापासून बाल कल्याण समितीनं धोशा लावला होता. कामाला जाताना पोरं कोंडून जाणाऱ्या घरांची यादी द्या. प्रौढ माणूस देखरेखीला असेल तर त्याची सही किंवा अंगठा घ्या. नसेल तर पोरं बालगृहात. या लाइनीचा निर्णय गुरुवारी होणार होता.

प्रीतीनं एकेका खिडकीशी जाऊन हाका मारल्या. पोरं गजांशी आली. चौदा निघाली. आठ मुली, सहा मुलगे. एकही रडत नव्हतं. नाकं पुसलेली, तोंडं धुतलेली. तिनं नावं लिहून घेतली आणि मग पेन थांबलं.

आठही मुलींच्या वेण्या सारख्याच होत्या. भांग कपाळावर मधोमध निघून टाळूपाशी डावीकडं वाकडा गेलेला. आठही डोक्यांवर तसाच. टोकांना वाळूच्या पोत्याची सुतळी आणि सुतळीला तीन गाठी.

आया अंधारात उठून भाकरी थापून पळणाऱ्या. सोळा वेण्या घालायला सकाळी वेळ कुणाला होता?

"वेणी कुणी घातली गं?" तिनं नवव्या खिडकीतल्या मुलीला विचारलं. सहा-सात वर्षांची, नाव श्रुती. कडेवर दोन वर्षांचा भाऊ, ऋतुराज.

"आक्काताईनं."

"कुठाय ती?"

श्रुती प्रीतीच्या केसांकडं बघत होती. प्रीतीचे केस लूनावरून येताना नेहमीसारखे क्लिपेतून सुटून खांद्यावर आले होते.

"तुझी केसं मोकळी हाईत," श्रुती म्हणाली. "आक्काताईला चालत न्हाय."

२

संध्याकाळी साडेपाचला पाळी सुटली तेव्हा प्रीती फळीपाशी उभीच होती. बायका आल्या. हातापायांवर काळी वाळू, डोळे तेवढे पांढरे. श्रुतीची आई मालन किल्ली घ्यायला पुढं झाली.

"आक्काताई कोण?" प्रीतीनं सरळ विचारलं.

"हाय की. पोरांस्नी बघत्या. ह्या शेवटच्या खोलीत."

"मला भेटव."

"आता? दार लावून घेतलंय तिनं. म्हातारं माणूस, पडली आसंल."

"म्हातारी आहे? तू पाहिलीयस?"

मालन जरा घोटाळली. "मी कुठनं बघणार मॅडम? मी येऊन दीड वरीस झालं. अंधारात जातो, आलं की चुलीला लागतो. बनाबाईला म्हाईत. ती जुनी हाय."

बनाबाई पहिल्या खोलीतली, सगळ्यांत थोराड. तिनं हात झाडले. "मला न्हाय बा म्हाईत. माझ्या आदी जी बाई हुती तिनं सांगितलं, किल्ली हितं अडकव, आक्काताईला सांग आन् जा. मी तसंच करतोय."

"आणि वेण्या?"

"मला वाटलं मालन घालत्या."

"मला वाटलं तुमी," मालन म्हणाली.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"वा," प्रीती म्हणाली. "म्हणजे नऊ घरांनी आपली लेकरं एका न पाहिलेल्या बाईवर टाकली. पातेलं उसनं देताना तरी तोंड बघता की नाही?"

"पातेलं दिऊन घरात बसाय मिळत आसतं तर बघितलं आसतं," बनाबाई म्हणाली. "तुमी याल का उद्यापास्नं पोरं सांभाळाय?"

प्रीतीला जास्तच राग आला. पण मालन तिला बाजूला घेऊन गेली आणि तिचा राग उतरला. मालनचा नवरा गेल्या दिवाळीत ट्रकखाली गेला होता. मलकापूरकडचं सासर ऋतुराजवर टपलेलं. पोरगा आमचा, पोरगी तू ठेव, म्हणून दीर दोनदा येऊन गेला होता.

"समितीनं पोरं उचलली की त्येला कागुदच मिळतंय बघा, की ह्या बाईला पोरं सांभाळता येत न्हाईत," मालन म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, हिशेब संपल्यासारखा सुका आवाज होता. "मॅडम, तुमी कायबी लिवा. पण आक्काताई हाय म्हणून लिवा."

"असेल तर लिहीन," प्रीती म्हणाली. "नसेल तर दुसरं काहीतरी करीन. पण तुझी पोरं जाणार नाहीत."

बोलून झाल्यावर तिला कळलं, की आपण शब्द दिला.

३

मंगळवारी सकाळी तिनं संस्थेच्या कपाटातून लाइनीचे जुने फॉर्म काढले. पाच वर्षांचे होते. प्रत्येक फॉर्मवर डावीकडं मुलांची नावं आणि प्रत्येक नावापुढं, 'देखरेख करणारी व्यक्ती' या रकान्यात, निळ्या शाईचा अंगठा. खाली भेट देणाऱ्याचं नाव आणि सही. नाव हंबीररावांचं, हस्ताक्षर मास्तरी.

तिनं स्वतःचा अंगठा त्या ठशावर ठेवून पाहिला. ठसा पूर्ण झाकला गेला. चारी बाजूंनी झाकून वर तिचा अंगठाच उरला.

सगळे ठसे तेवढेच होते. पाच वर्षांपूर्वीचे आणि गेल्या डिसेंबरमधलेही.

ती फॉर्म घेऊन सरांच्या टेबलापाशी गेली. "सर, हे अंगठे कुणाचे? नातवाचे?"

हंबीरराव पूर्वी मुख्याध्यापक होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "तोंड सांभाळून बोल."

"लहान मुलाचा अंगठा आहे हा. सात-आठ वर्षांच्या."

"असेल."

"असेल म्हणजे? तुमच्यासमोर उठवला ना?"

पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं, ते प्रत्येक फेऱ्याला टक् करायचं.

"शेवटच्या खोलीच्या खिडकीत फॉर्म आणि शाईची डबी ठेवायची," ते म्हणाले. "पंपावर राखणदार केरबाकडं चहा घ्यायचा. परत येईपर्यंत अंगठे उठलेले असतात. माझ्या आधीचाही तसंच करायचा."

"आणि तुम्ही कधी आत बघितलं नाही."

"नाही."

"का?"

"पोरं नीट होती म्हणून," हंबीरराव म्हणाले. "पाच वर्षांत त्या लाइनीत एक पोर भाजलं नाही, एक पडलं नाही. माझ्याकडच्या बाकी वस्त्यांचं सांगू तुला?"

"हे उत्तर नाही, सर. ही पळवाट आहे."

"बरं," ते म्हणाले आणि पुढ्यातला कागद वाचू लागले. तिला त्या क्षणी त्यांचं टेबल उलटं करावंसं वाटलं. यांनी कधी काही बघितलंच नाही, आणि न बघण्यालाच अनुभव म्हणायचे.

४

अकरा वाजता ती लाइनीत पोचली. मालनची किल्ली खिळ्यावरून काढली, नववी खोली उघडली, कुलूप किल्लीसकट कडीला अडकवलं आणि आत जाऊन पोरांजवळ बसली. नेमकं काय चालतं ते आज डोळ्यांनी बघायचं होतं.

दहा बाय दहाची खोली. चूल, पत्र्याची पेटी, दोरीवर कपडे. भिंती विटांच्या, पण वरपर्यंत गेलेल्या नव्हत्या. पुरुषभर उंचीला थांबलेल्या आणि त्यांच्यावर दोन हात मोकळी जागा सोडून छपराचा पत्रा. स्वस्तातल्या लाइनी अशाच बांधतात. एका घरातली फोडणी दहाही घरांत कळते. प्रीतीनं मान वर केली. ती मोकळी जागा पहिल्या खोलीपासून दहाव्यापर्यंत सलग गेलेली होती, अंधारी आणि लांब, बोळासारखी.

दहाव्या खोलीकडच्या भिंतीच्या माथ्यावर निळे ठिपके होते. ती पेटीवर चढून जवळ गेली. पलीकडं डोकावलं तर नुसता काळोख. शाईचे अंगठे. वर धरून चढताना उठावेत तसे, एकावर एक.

"आक्काताई कुठून येते गं श्रुती?"

श्रुतीनं नुसतं वर पाहिलं.

"आणि किती मोठी आहे?"

"माझ्याएवढी." श्रुतीनं विचार केला. "आदी माझ्यापेक्षा मोठी हुती. आता माझ्याएवढी झाली."

पत्रा उन्हानं तडतडत होता. त्या आवाजाची प्रीतीला सवय होती. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरावरही पत्राच होता. पण तडतड थांबली की दुसरा आवाज येत होता. विटेवरून कापड घासत जावं तसा, पहिल्या खोलीच्या बाजूनं. थोडा पुढं यायचा, थांबायचा. मांजर असेल. घूस असेल. घुशी भिंतीवरून पळतात, हे तिला माहीत होतं. घुशी इतक्या सावकाश जात नाहीत, हेही माहीत होतं.

शेजारच्या आठव्या खोलीतली पोरगी एकदम हसली आणि म्हणाली, "दुखतंय, हळू."

मग आवाज त्यांच्या भिंतीपर्यंत आला आणि थांबला.

"तू हाईस म्हणून येईना ती," श्रुती कुजबुजली. "भ्याली तुला."

प्रीती ताडकन उठून दाराकडं गेली, आठव्या खिडकीतून बघायला. दार ओढलं तर हललं नाही. बाहेर कुलूप खडखडलं.

तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. बऱ्याच वेळानं बाहेरून आवाज आला, "कोण हाय?"

तो केरबा होता. लाइनीचा राखणदार, ऐंशीच्या घरातला, कानानं अगदी जड. रस्त्यापलीकडच्या पंपावर बसायचा आणि रोज अकराला लाइनीचं पाणी सोडायला तेवढा यायचा. त्यानं कुलूप काढलं आणि प्रीतीकडं बघून हसला.

"उघडं दिसलं की लावायचं," तो म्हणाला. "पोरं भाईर वाळूत जात्यात. किल्ली फळीवर अडकवायची, आक्काताईला सांगायचं. मला काय ठाव पावणं आत हाईत?"

"आणि मी आत ओरडतेय ते?"

"आं?"

"काही नाही," प्रीती ओरडली.

५

दहाव्या खोलीला बाहेरून कुलूप नव्हतं. दार आतून बंद होतं. कडीकोयंडा बाहेरून गंजून एक झालेला. खिडकीला आतून जाड पोतं लावलेलं, खालचा कोपरा तेवढा फाटका. तिथून आत हात जाईल, नजर जात नव्हती.

"इथं भाड्यानं कोण राहतं?" तिनं केरबाच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"कोण न्हाय. बंद हाय ती."

"किती वर्षं?"

"मी आलोय तवापास्नं."

"मग आतून कडी कुणी लावली?"

केरबानं तिच्याकडं असं पाहिलं, की एवढी शिकलेली पोरगी आणि असा प्रश्न. "ते मी कशाला बघू?" तो म्हणाला. "तू म्हणत आसशील तर पहार आणतो, मोडतो दार. पर उद्या बायका पोरं कुणाच्या जिवावर ठिवून जातील ते तू सांग."

ती पर्समधून फॉर्म काढू लागली. चौदा नावं लिहिलेली, खाली 'भेट देणाऱ्याचे नाव: प्रीती', सही राहिलेली. फॉर्म आणि शाईची डबी तिनं पोत्याच्या फाटक्या कोपऱ्याशी ठेवली आणि सरांसारखी पंपावर न जाता पाच पावलांवर वाळूच्या ढिगावर बसून राहिली. डोळा हलवायचा नाही.

वीस मिनिटं गेली. मग नवव्या खिडकीतून श्रुतीनं हाक मारली, "ऋतू पडला!" प्रीती धावली. ऋतुराज पडला नव्हता. जमिनीवर बसून भाकरी खात होता.

"मी न्हाय मारली हाक," श्रुती म्हणाली.

प्रीती परत आली तेव्हा फॉर्मवर चौदा अंगठे होते. शाई ओली होती.

घरी जाताना लूनावर तिनं सगळं जुळवलं. या पोरांपैकीच कुणीतरी चपळ पोरगी. भिंतीवरून चढून खोल्याखोल्यांत फिरते, वेण्या घालते, अंगठे उठवते, हाकांची नक्कल करते. बाकीची तिला सामील. पोरं सोबत नसली तर सोबत बनवतात, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. बरोबर होतं सगळं. फक्त एवढंच, की चौदाही पोरांचे अंगठे तिनं संध्याकाळी आयांच्या देखत तपासले होते, आणि एकाच्याही नखाला निळी शाई नव्हती.

६

बुधवारी तिनं जे केलं ते संस्थेला पाच वर्षांत जमलं नव्हतं, आणि हे तिनं हंबीररावांना ऐकवलंही. तिचा भाऊ प्रसेनजीत जवळच्या बुद्धविहाराच्या मंडळात होता. विहाराचं सभागृह दिवसा रिकामंच असायचं. मंडळातल्या दोन बारावी झालेल्या मुली यायला तयार झाल्या. एका दिवसात पाळणाघर उभं राहिलं. नव्या फॉर्मवर देखरेख करणारी व्यक्ती म्हणून प्रीतीनं स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण सही केली.

संध्याकाळी बायकांना सांगितलं तेव्हा बनाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि काळी वाळू लावून ठेवली. मालननं फळीवरची किल्ली काढून प्रीतीच्या हातात ठेवली. तिचं बघून बाकीच्यांनीही ठेवल्या. नऊ किल्ल्या.

"आता तुमीच ठेवा," मालन म्हणाली, आणि मग हसली. त्या तीन दिवसांत प्रीतीनं तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "प्रीतीताई, बघ गं."

सगळ्या गेल्यावर प्रीती दहाव्या खोलीपाशी थांबली. कालचा चौदा अंगठ्यांचा फॉर्म तिच्या हातात होता. तो तिनं पोत्याच्या कोपऱ्यातून आत सारला.

"हे तुझं तुझ्याकडं," ती म्हणाली. राग होता, पण आवाज आपोआप खाली आला. "कोण आहेस ते मला माहीत नाही. पण आत खरंच कुणी असशील तर ऐक. उद्या अकराला येते. तुलाही घेऊन जाते. एकटं राहायचं नाही."

आत काहीतरी सरकलं. पत्रा असेल. ऊन उतरलं की पत्राही आवळतो.

लहान मुलाला वेळ सांगितली तर ती पाळायची. पाळता येणार नसेल तर सांगायची नाही. हे तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं आणि ती हे इतरांना फार ताठ्यानं सांगायची.

गुरुवारी अकराला ती समितीपुढं उभी होती. फॉर्म वाचले गेले, पाळणाघराचं कौतुक झालं, मालनची पोरं मालनकडं राहिली. मालनचा दीर मागच्या बाकावर बसला होता, तो उठून गेला.

"चौदाच मुलं ना?" सही करताना अध्यक्षांनी विचारलं.

"चौदाच," प्रीती म्हणाली.

त्या सबंध दिवसात, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, तिला ती खोली एकदाही आठवली नाही.

७

सोमवारी पाळणाघरात पाय ठेवला आणि तिला काहीतरी खटकलं. काय, ते कळायला जरा वेळ लागला. पोरं पळत होती, भांडत होती, एकाच्या गुडघ्याला खरचटलं होतं. चार दिवसांत तीन पोरं पडली होती, एकाचं बोट दारात चेंगरलं होतं. आणि आठही मुलींचे केस सुटून तोंडावर आलेले होते.

श्रुती कोपऱ्यात बसून होती.

"ये, मी घालते वेणी," प्रीती म्हणाली.

"नगं." श्रुतीनं मान फिरवली. "आक्काताई तिथंच ऱ्हायली."

प्रीतीचे हात थांबले.

"तू येतो म्हणालीस तिला. आमी ऐकलं. ती दाराला बसली आसंल." श्रुतीनं तिच्याकडं पाहिलं नाही. "कडी गंजल्या तिथली. तिला निघत न्हाय. भितीवरनं आली तरी कुणाच्याबी घरात कुलूपच."

ऋतुराजला कणकण होती. औषधाची बाटली घरी राहिली होती. प्रीतीनं हेच कारण स्वतःला सांगितलं, मालन सकाळी पोरांबरोबर ठेवून गेलेली किल्ली घेतली आणि लूनाला किक मारली.

लाइन रिकामी होती. इतकी, की तिला आपल्या चपलांचा आवाज ओशाळवाणा वाटला. नऊ दारांना नऊ कुलपं आणि आत कुणीच नाही. फळीवर नुसते खिळे. दहाव्या खिडकीचं पोतं तसंच होतं. त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून तो जुना फॉर्म अर्धा बाहेर आलेला होता. तिनं तो ओढून घेतला.

चौदा नावांपुढचे चौदा अंगठे तसेच होते. वाळलेले. खाली 'भेट देणाऱ्याचे नाव: प्रीती'. त्याच्यापुढं, सहीच्या जागी, पंधरावा अंगठा. त्याला तिचं बोट लागलं आणि शाई पसरली.

खरं तर तिथूनच परत फिरायचं. पण आत सात-आठ वर्षांचं कुणी असेल, चार दिवस दाराशी बसलेलं असेल, तर? हंबीररावांचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं. पाच वर्षं बाहेर चहा पीत बसलेलं. आपण तसं व्हायचं नाही, एवढं एकच तिला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं.

तिनं नववी खोली उघडली. कुलूप सवयीनं किल्लीसकट कडीला अडकवलं. आत जाऊन भिंतीखाली उभी राहिली.

"आक्काताई," तिनं हाक मारली. स्वतःचा आवाज तिला लहान वाटला. "मी आले. उशीर झाला. चुकलं माझं."

पत्रा तडतडला. थांबला. भिंतीपलीकडं, खाली, दाराच्या बाजूला काहीतरी उठलं. कापड विटांवरून वर आलं, हळूहळू, थांबत थांबत. मग भिंतीच्या माथ्यावर चार बोटं आली. लहान. काळ्या वाळूनं भरलेल्या रेघा. शेवटी अंगठा आला, निळा.

बाकी काही वर आलं नाही. प्रीतीनं वाट पाहिली. तिनं टाचा उंचावल्या आणि हात वर केला. ती बोटं तिच्या बोटांवर टेकली. तापलेल्या पत्र्यासारखी गरम होती.

"ये," प्रीती म्हणाली. "उतर खाली. आपण जाऊ."

बोटांनी तिचा हात धरला नाही. ती तिच्या मनगटावरून, कोपरावरून पुढं सरकत आली, सरकतच आली, हात संपायला हवा होता त्याच्याही पुढं. तिच्या खांद्यावर आली, आणि खांद्यावरचे मोकळे केस उचलून त्यांनी मागं घेतले. क्लिप जमिनीवर पडली.

तिच्या पाठीमागं दार लागलं.

कुलूप खडखडलं. अकरा वाजले होते. केरबा पाणी सोडायला आला होता आणि त्याला दार उघडं दिसलं होतं. प्रीतीनं तोंड उघडलं, पण केसांना हिसका बसला. जोराचा नाही. नीट बस म्हणून आई देते तेवढाच. तिची मान सरळ झाली. कपाळावर, अगदी मधोमध, काहीतरी टेकलं आणि भांग पाडत मागं निघालं. टाळूपाशी आल्यावर ते डावीकडं वळलं.

बाहेर केरबाची पावलं फळीपाशी गेली. खिळ्यावर किल्ली वाजली.

"आक्काताई, बघ गं," तो म्हणाला, आणि कधीच कुणी थांबत नसे तसाच, न थांबता, वाळूतून निघून गेला.

पावलं ऐकू येईनाशी झाली. तेव्हा तिच्या डोक्याच्या अगदी वरून, कानाशी, उत्तर आलं.

"व्हय."